सांधेदुखीचा चिकित्सक : झू दानशी

चिनी भाषेत ‘तोंगफेंग’ हा शब्द आज ‘गाऊट’ या सांधेदुखीसाठी रूढ आहे. ‘दुखणारा वारा’ हा त्याचा शब्दशः अर्थ. या व्याधीवर स्वतंत्र निबंध लिहून तिच्या चिकित्सेला नवी दिशा देणारे झू झेनहेंग (१२८१-१३५८) हे जिन-युआन कालखंडातील चार श्रेष्ठ वैद्यांपैकी अखेरचे. झेजियांग प्रांतातील यीवू हे त्यांचे जन्मस्थान. तेथील ओढ्याच्या नावावरून लोक त्यांना आदराने दानशी म्हणत आणि तेच नाव इतिहासात राहिले.

दानशी वैद्यकाकडे वळले ते दुःखामुळे. ते तिशीत असताना आई आजारी पडली आणि वैद्यांनी हात टेकले. तेव्हा त्यांनी ‘सूवेन’ हा प्राचीन वैद्यकग्रंथ अभ्यासण्यास घेतला. पाच वर्षांनी त्यांच्याच औषधाने आई बरी झाली. मात्र या अभ्यासातून एक दारुण सत्यही उमगले. वडील, दोन चुलते, पत्नी आणि पायदुखीने ग्रासलेला धाकटा भाऊ, हे सारे चुकीच्या औषधांनी दगावले होते. हे शल्य त्यांनी पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले.

छत्तिसाव्या वर्षी ते शू चियान या तत्त्वज्ञांचे शिष्य झाले. राजसेवेच्या परीक्षेत त्यांना यश लाभले नाही. दीर्घकाळ रुग्णशय्येवर असलेल्या गुरूंनीच त्यांना वैद्यक पत्करण्याचा सल्ला दिला. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते हांगझोऊ येथील लुओ झिती यांच्या दारी गेले. लुओ यांनी अनेकदा परतवून लावले, तरी ते ढळले नाहीत. अखेर त्यांना शिष्यत्व मिळाले.

त्या काळी सोंग राजवटीच्या सरकारी योगसंग्रहातून लक्षणानुसार तयार औषधे देण्याची प्रथा होती. त्यांतील अनेक औषधे उष्ण व तीक्ष्ण होती. दानशींनी या प्रथेवर कठोर टीका केली. रोगी पाहून औषध ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. १३४७ च्या ‘गेझी यूलुन’ या ग्रंथातील निबंधात त्यांनी सांधेदुखीचे मूळ तापलेल्या रक्तात शोधले. असे रक्त थंडी, ओल वा वाऱ्याने गोठते आणि वेदना रात्री बळावतात, अशी ही मीमांसा. मराठी वाचकाला येथे आयुर्वेदातील ‘वातरक्ता’ची आठवण व्हावी. चालताना पाय असह्य दुखणाऱ्या, साठी उलटलेल्या एका कष्टकऱ्याचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. दुखण्यामागे अशक्तपणाही आहे हे ओळखून त्यांनी रक्तवर्धक काढा दिला आणि तीस-चाळीस पुड्यांनंतर त्याला आराम पडला.

त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यपरंपरेने संकलित केलेल्या ग्रंथात ‘एरमियाओ सान’ हा दोनच वनस्पतींचा योग आढळतो. त्यात एका वृक्षाची कडू, पिवळी साल आणि एक सुगंधी कंद असतो. त्याचे विस्तारित रूप चिनी वैद्य आजही गाऊटसाठी वापरतात. ताशिरो सान्की (१४६५-१५३७) यांनी दानशींची शिकवण जपानला नेली.

दानशींच्या ‘तोंगफेंग’मध्ये आजचे अनेक सांध्यांचे विकार एकत्र येतात. गाऊट युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होतो आणि वयोमानाने येणारी संधिझीज निराळी, हे त्या काळी ठाऊक असणे शक्य नव्हते. एकाच गुडघ्यात दोन्ही विकार असू शकतात. त्यामुळे अचूक निदान आधी व्हावे लागते आणि काढा हा रक्ततपासणीला पर्याय नव्हे. नावाच्या साधर्म्यामुळे ‘फांगजी’ या वनस्पतीऐवजी भलतीच विषारी वनस्पती वापरली गेल्याने १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याची औषधे घेणाऱ्या अनेक महिलांची मूत्रपिंडे निकामी झाली. दानशींच्या सांधेदुखीच्या एका योगातही फांगजी आहे. गाऊटच्या रुग्णांची मूत्रपिंडे अनेकदा आधीच नाजूक असतात. चुकीच्या औषधाने घर उजाडलेल्या या वैद्याचा इशारा म्हणूनच साडेसहाशे वर्षांनंतरही कालबाह्य झालेला नाही.