सोनेरी औषधामागचे डॉ. सुब्बाराव

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, की लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टर अनेकदा डॉक्सिसायक्लिन देतात. हे औषध टेट्रासायक्लिन गटातले. या गटातले पहिले प्रतिजैविक ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, ते संशोधक भारतीय होते.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरमचा. तरुणपणीच त्यांचा भाऊ स्प्रू या आतड्यांच्या आजाराने दगावला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी घातल्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी दुय्यम पदविका हाती पडली. १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये संशोधन केल्यावर १९४० मध्ये लेडर्ले या औषध कंपनीत दाखल झाले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. स्प्रूच्या रुग्णांना त्याचा मोठा आधार झाला.

त्यांच्याच विभागात बेंजामिन डगर ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासत होते. मिसुरीतल्या मातीत सोनेरी द्रव्य देणारा सूक्ष्मजीव सापडला. त्या द्रव्याचे नाव ऑरिओमायसिन. जिवाणूंचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच ते बंद पाडते, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या टायफससारख्या तापांवरही ते चालले. १९४८ मध्ये ते जगासमोर आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच गेले.

या औषधाची दुसरी बाजू पुढच्या दशकात उघड झाली. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट चिकटते. गर्भात किंवा लहानपणी दात घडत असताना ते दिले, तर दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. म्हणून गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन सहसा देत नाहीत. याच गुणामुळे दूध, अँटासिड किंवा लोहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास औषध रक्तात नीट उतरत नाही; मध्ये दोन-तीन तासांचे अंतर हवे. काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते. कॅप्सूल घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून ती बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये.

सुब्बारावांनी प्रसिद्धी कधी मागितली नाही. श्रेय सहकाऱ्यांना देऊन ते मागे राहत. त्यांच्या विभागातून निघालेल्या या गटातली औषधे आजही जीव वाचवतात. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. घरातली उरलेली गोळी मुलाला देऊ नये.