अण्णांचा बायोडाटा

मित्रांनो, आधीच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. विषयही तसा मराठी विभागातला वाटणार नाही. विषय आहे रेझ्युमे!

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर लागलं की आपल्या हॉस्टेलवर रेझ्युमेची साथ येते. कुठल्यातरी सिनियरची फाईल सगळ्या मजल्यांवर फिरते आणि प्रत्येक जण त्यात फक्त नाव बदलतो. मग सगळेच हार्डवर्किंग, सगळेच क्विक लर्नर, सगळ्यांचाच छंद वाचन! मीही तेच केलं. फक्त एका ओळीपाशी अडलो. एम-थ्रीला मला केटी लागली होती, ती दुसऱ्या अटेम्प्टला सुटली. लिहायची की गाळायची? मी गाळली.

माझा रूम पार्टनर वाळवा तालुक्यातला, रयतच्या शाळेत शिकलेला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, बोलला काहीच नाही. कपाटातून कर्मवीर भाऊराव पाटलांचं एक छोटंसं चरित्र काढलं आणि माझ्या कॉटवर टाकलं. मला कर्मवीर म्हणजे पांढऱ्या दाढीचा एक फोटो आणि कमवा आणि शिका, एवढंच माहीत. रात्री पुस्तक वाचून काढलं आणि मनात आलं, अण्णांनी बायोडाटा लिहिला असता तर तो कसा दिसला असता?

शिक्षण
जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, जिल्हा कोल्हापूर. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यात. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये आणि राहायला जैन बोर्डिंगात. अभ्यासात यथातथाच. त्यातच ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यायचं, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना काढून टाकलं. शाहू महाराजांनी आसरा दिला, पण मॅट्रिक काही झालं नाही. म्हणजे आपल्या नोटीस बोर्डावर लागणाऱ्या साठ टक्क्यांच्या क्रायटेरियात अण्णा पहिल्याच चाळणीत बाहेर!

गॅप
हा रकाना सगळ्यात अवघड. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. आता गंमत बघा, बोर्डिंगातून त्यांना ज्यांनी काढलं होतं, ते हेच लठ्ठे. सूड उगवायची आयती संधी होती. पण भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही आणि तुरुंग पत्करला. आपण असतो तर हा काळ बायोडाटातून कसा उडवायचा, याचाच विचार केला असता. खरं तर त्यांच्या अख्ख्या कागदावरची ही सगळ्यात वजनदार ओळ आहे.

अनुभव
साताऱ्याला खासगी शिकवण्या. पुढे ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांसाठी विक्रेता म्हणून काम. नंतर सातारच्या कूपर कारखान्यात. नांगर विकणं सोपं नव्हतं बरं का! लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या वेळी कित्येक शेतकऱ्यांचा समज होता. गावोगाव जायचं, शेतकऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलायचं आणि त्याचा विश्वास मिळवायचा, हेच काम. कम्युनिकेशन स्किल्स असं आपण नुसतं टाईप करतो, ती ही! याच फिरतीत त्यांना शाळा नसलेली गावं दिसत गेली.

प्रोजेक्ट्स
१९१० च्या सुमारास सांगलीजवळ दूधगावला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ ला गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. प्रोजेक्ट टीममध्ये हे नाव सगळ्यात वर पाहिजे. त्या १९३० ला वारल्या. वाढलेली संस्था बघायला त्या राहिल्या नाहीत. पुढे १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. फी नाही म्हणून कोणाचं शिक्षण अडू नये, मुलाने राबून शिकावं, ही सगळ्यामागची साधी कल्पना.

अचिव्हमेंट्स
१९५९ ला पद्मभूषण. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाची डी.लिट., म्हणजे मॅट्रिक न झालेल्या माणसाला डॉक्टरेट! ९ मे १९५९ ला अण्णा गेले. आज रयतच्या सातशेच्या वर शाखा आहेत. त्यातल्याच एका शाखेत माझा रूम पार्टनर शिकला.

हे सगळं लिहून काढलं आणि लक्षात आलं की यात विशेषण एकही नाही. काय केलं, कुठे केलं, कधी केलं, बस्स. मग मी माझी फाईल उघडली. हार्डवर्किंग खोडलं. त्या जागी लिहिलं की गॅदरिंगला साउंड सिस्टीम बंद पडली तेव्हा आम्ही दोघांनी अर्ध्या तासात ती चालू केली. वाचन हा छंद खोडला, कारण अण्णांचं चरित्र हे माझं वर्षातलं पहिलंच पुस्तक होतं! आणि केटीची ओळ परत टाकली, अटेम्प्टसकट.

त्याचा लगेच फायदा झाला असं मात्र नाही. पहिल्याच कंपनीने बॅकलॉग बघून मला बाहेर ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण इंटरव्ह्यूमध्ये कोणी मार्कशीट मागेल म्हणून आता पोटात गोळा येत नाही. अण्णांनी खोटी साक्ष न देण्यासाठी तुरुंग पत्करला, माझं फक्त एक शॉर्टलिस्ट गेलं.

तेव्हा मित्रांनो, सिनियरची फाईल जरूर घ्या, पण फक्त मार्जिन आणि फॉन्टसाठी. आतला माणूस आपलाच असू द्या. आणि हो, ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. कोणाला हवं असेल तर माझ्या रूम पार्टनरला विचारून घेऊन जा!