सरखेल कान्होजी आंग्रे

बारामती-इंदापूरचा आपला मुलूख समुद्रापासून दूर. कऱ्हा, नीरा व भीमा ह्या आपल्या नद्या कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहतात. आणि नाव म्हणून आम्हांस ठाऊक ती उजनीच्या फुगवट्यावरील कोळ्याची होडी. तथापि ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या घराण्याचें मूळ पुणें प्रांतांतील आंगरवाडीचें समजतात.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारांत होते. मुलगाही त्याच धंद्यांत वाढला, आणि इ. स. १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचें आधिपत्य व सरखेल हा किताब त्याजकडे आला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा हीं त्यांचीं ठाणीं. त्यांचा दस्तक घेतल्यावांचून किनाऱ्यानें व्यापार करूं पाहणारें जहाज ते पकडीत. इंग्रज त्यांस चांचे म्हणत. परंतु आपल्या राज्याच्या समुद्रावर जकात घेणें हा चांचेपणा कसा, हें आम्हांस उमगत नाहीं.

त्यांचें बळ गुराबांत व गलबतांत होतें. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. तळ उथळ, नाळ पुढें निघालेली व सखल, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचें. वारा पडला म्हणजे हीं गलबतें गुराबांस ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, जेथें त्याच्या बाजूच्या तोफा पोहोंचत नसत. भर समुद्रांत, वादळवाऱ्यांत मात्र युरोपीय जहाजच सरस. म्हणून कान्होजी किनारा व खाड्या सोडून सहसा लढत नसत. आपलें उणें ओळखून लढणें हीच त्यांची विद्या.

इ. स. १७१३ मध्यें त्यांजवर शाहू महाराजांनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस पाठविलें. कान्होजींनीं पेशव्यांसच कैद केलें. साताऱ्यावर चालून जाण्यास वाट मोकळी होती. परंतु बाळाजी विश्वनाथ भेटीस आले, व १७१४ च्या सुमारास तह होऊन बहिरोपंत सुटले. हातचा विजय सोडून त्यांनीं घर राखलें.

त्याचें फळ लवकरच दिसलें. इंग्रजांनीं १७१७ मध्यें विजयदुर्गावर, १७१८ मध्यें खांदेरीवर हल्ला केला, दोन्ही फसले. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हां बाजीराव व पिलाजी जाधव यांचे घोडेस्वार घाट उतरून मदतीस धांवले, आणि तीही मोहीम बुडाली.

ता. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. अलिबागेस त्यांची समाधि आहे. पुढें मुलांत भाऊबंदकी माजली, पेशव्यांशींही बिनसलें, आणि १७५६ मध्यें इंग्रजांच्या व पेशव्यांच्या संयुक्त मोहिमेंत आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गाच्या बंदरांत जळालें. जें तीन स्वाऱ्यांत परक्यांस साधलें नाहीं, तें घरच्या साह्यानें साधलें!

इ. स. १९५१ मध्यें मुंबईंतील नौदलाच्या एका ठाण्यास आंग्रे हें नांव देण्यांत आलें. हा सन्मान योग्यच आहे. परंतु आम्हां विद्यार्थ्यांनीं १७१४ चा तह आणि १७५६ ची आग हीं दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवावींत, एवढीच आमची विनंति.