वारा धरून चालणारा माणूस

मी लातूरची, कॉन्व्हेंटची. शुद्धलेखन सांभाळून घ्या! नांदेडला इंजिनिअरिंगला आले आणि व्हेक्टरने पहिल्याच वर्षी एटीकेटी दिली. तो व्हेक्टर कळला जे.आर.डी. टाटांमुळे.

१९०४ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या जेआरडींनी १९२९ मध्ये वैमानिकाचं लायसन मिळवलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. विमानात रेडिओ नव्हता. हिशोब स्वतःच करायचा. विमानाच्या वेगात वाऱ्याचा वेग दिशेसकट मिळवला की जमिनीवरची खरी वाट निघते. समजा, विमान ताशी १६० किमी आणि आडवा वारा ४०; तर नाक साडेचौदा अंश वाऱ्याकडे वळवायचं. गोदावरीत नावाडी प्रवाहाकडे नाव तिरपी धरतो, तसंच.

१९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केलं. १९९३ मध्ये ते गेले. माझा व्हेक्टर मात्र सुटला!