कल्पित खंडाचा नकाशाकार

अद्‌भुतकथेसाठी नवे जग रचणाऱ्या लेखकाला पर्वत, नद्या आणि राजधान्या हव्या तेथे वसवता येतात. वाळवंट मात्र हवे तेथे ठेवता येत नाही. पाऊस कोणत्या किनाऱ्यावर पडावा, अरण्य कोठे संपावे आणि बर्फ कोठे सुरू व्हावा, याला नियम असतात व ते मोडले तर जाणत्या वाचकाला ते जग खोटे वाटू लागते. कादंबरीकार आणि संगणकीय खेळांचे रचनाकार आज यासाठी ज्या वर्गीकरणाकडे वळतात, ते व्लादिमिर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाचे आहे. कोपेन यांनी कथा लिहिल्या नाहीत. पण अस्तित्वात नसलेला एक संपूर्ण खंड त्यांनीही कागदावर रेखाटला होता.

कोपेन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८४६ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे, मूळच्या जर्मन कुटुंबात झाला. वडील नामांकित भूगोलतज्ज्ञ होते आणि कुटुंबाची जमीन थेट दक्षिणेला क्रिमियात होती. व्लादिमिर यांचे शालेय शिक्षण तेथील सिम्फेरोपोलमध्ये, तर उच्च शिक्षणाचा आरंभ सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. या दोन टोकांमधील प्रवासात उत्तरेची सूचिपर्णी अरण्ये मागे पडत, मग गवताळ स्टेप लागे आणि शेवटी क्रिमियाच्या डोंगरापलीकडचा उबदार किनारा येई. तापमापक न पाहताही हवामान बदलल्याचे झाडे सांगत होती. हे निरीक्षण त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. १८७० मध्ये लाइपझिग येथे पूर्ण केलेल्या प्रबंधाचा विषयही उष्णता आणि वनस्पतींची वाढ हाच होता.

१८७५ मध्ये ते हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत रुजू झाले. वायव्य जर्मनी आणि लगतच्या समुद्रासाठी हवामानाचा अंदाज व वादळाची सूचना देणे, हे त्यांचे तेथील काम. पुढे ते संशोधनाकडे वळले. त्यांनी ढगांचा सचित्र संग्रह सिद्ध केला, वातावरणाचे वरचे थर मोजण्यासाठी पतंग उडवले आणि देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची भाषा एक व्हावी म्हणून एस्परांतोचा पुरस्कारही केला. एवढ्या व्यापातही हवामानाच्या वर्गीकरणावरचे काम थांबले नाही. १८८४ मध्ये उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा, १९०० मध्ये वर्गीकरणाचा पहिला आराखडा, १९१८ मध्ये त्याचे सुधारित रूप आणि १९३६ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, अखेरची मांडणी असा हा अर्धशतकाचा प्रवास आहे.

या वर्गीकरणातील आकडे मनाला येतील तसे निवडलेले नाहीत. सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १० अंश सेल्सियसच्या खाली राहिली, तर वृक्ष वाढत नाहीत. म्हणून ध्रुवीय हवामानाची सीमा तेथे. सर्वांत थंड महिनाही १८ अंशांच्या वर असेल तर प्रदेश उष्णकटिबंधीय. कोरडेपणाची कसोटी तर विलक्षण मार्मिक आहे. उन्हाळी सहामाहीत पडणाऱ्या पावसाचे बाष्पीभवन अधिक होते. त्यामुळे वार्षिक सरासरी २६ अंश असलेल्या प्रदेशात पाऊस त्या काळात पडत असेल तर ८० सेंटिमीटरपर्यंत तो प्रदेश कोरडाच गणला जातो. पाऊस हिवाळी असेल तर ही मर्यादा ५२ वर येते. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण मोसमी गटात आणि दुसऱ्या अंगाला सोलापूरकडचा पट्टा निमशुष्क गटात का जातो, हे याच हिशेबाने कळते.

परंतु खऱ्या पृथ्वीवर पर्वत आणि वेड्यावाकड्या किनाऱ्यांमुळे नियम आणि अपवाद यांची सरमिसळ होते. ती दूर करण्यासाठी कोपेन यांनी सपाट असा एक आदर्श खंड कल्पिला. प्रत्येक अक्षांशावर पृथ्वीवर जितकी जमीन आहे, त्या प्रमाणात त्याची रुंदी ठेवली. उत्तरेला फुगीर आणि दक्षिणेला निमुळता होत गेलेला हा आकार सलगमासारखा दिसतो, म्हणून जर्मन भाषेत त्याला नावही तसेच पडले. या खंडावर वाळवंट पश्चिम किनाऱ्यापासून आत पसरते, त्याच्या ध्रुवाकडील बाजूस हिवाळी पावसाचा चिंचोळा पट्टा येतो आणि त्याच अक्षांशांवर पूर्व किनारा मात्र ओला राहतो. दक्षिणेत रुंद जमीनच नसल्याने सायबेरियासारखा हिमाळ प्रदेश तेथे उमटतच नाही. नवे जग रचणाऱ्यासाठी याहून नेमका धडा सापडणे कठीण! २०१३ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठात टोल्किन यांच्या ‘मिडल अर्थ’चे हवामान संगणकावर काढले गेले, त्या प्रयोगामागची जिज्ञासा याच जातीची होती.

खुद्द कोपेन यांना मात्र याहून मोठ्या परीक्षेला सामोरे जावे लागले. त्यांची कन्या एल्स हिचा विवाह १९१३ मध्ये आल्फ्रेड वेगनर यांच्याशी झाला. खंड सरकतात, ही जावयाची कल्पना कोपेन यांना आरंभी पटली नव्हती. असल्या वाटेला जाऊ नये असेच त्यांनी सुचवले होते. पुढे पुरावे पाहून त्यांनी मत बदलले, आणि वयाच्या ७८ व्या वर्षी, १९२४ मध्ये, भूशास्त्रीय भूतकाळातील हवामानावर सासरे-जावयांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. दगडी कोळसा म्हणजे पूर्वीची दमट अरण्ये, मीठ व जिप्सम म्हणजे पूर्वीची वाळवंटे, हिमनद्यांचे ओरखडे म्हणजे ध्रुवाचे सान्निध्य, असे वाचन करून त्यांनी लुप्त जगांचे नकाशे मांडले. पृथ्वीच्या कक्षेत व अक्षात होणाऱ्या बदलांवरून मिलुतिन मिलानकोविच यांनी काढलेले साडेसहा लाख वर्षांचे आलेखही या ग्रंथात आले. हिमयुगासाठी कडक हिवाळ्यापेक्षा थंड उन्हाळा निर्णायक, हे त्यांना सुचवणारे कोपेनच होते.

बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी खंडवहनाचा सिद्धांत नाकारला. १९२४ मध्ये वेगनर यांच्यासोबत कोपेन ऑस्ट्रियातील ग्राझला राहावयास गेले होते. तेथेच नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर जावयाचा झालेला अंत त्यांना सोसावा लागला. त्या वेळी ते ८४ वर्षांचे होते. रुडॉल्फ गायगर यांच्यासमवेत हवामानशास्त्राच्या बृहद्‌ग्रंथाचे संपादन त्यांनी तरीही चालू ठेवले. जावयासह लिहिलेल्या ग्रंथाची दुरुस्त्या व भर घालणारी पुरवणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २२ जून रोजी ग्राझ येथे कोपेन यांचे निधन झाले. खंड सरकतात हे शास्त्रजगताने मान्य केले ते १९६० च्या दशकात.