टीव्हीच्या आधीची सुगरण : कोण होत्या ‘रुचिरा’च्या कमलाबाई ओगले?

टीव्हीवर पाककृतीचा कार्यक्रम लागला की भोर-वेल्ह्यातही तोच वाद रंगतो, जो पुण्या-मुंबईत रंगतो. कुणाला ‘खाना खजाना’तले संजीव कपूर यांचं शांत समजावणं आवडतं, कुणाला ‘आम्ही सारे खवय्ये’मधल्या प्रशांत दामले यांच्या गप्पा. एक तक्रार मात्र सगळ्यांचीच: बघताना सोपं वाटतं, करायला गेलं की प्रमाण चुकतं. या तक्रारीवर एका चौथी शिकलेल्या बाईंनी टीव्ही येण्याआधीच उत्तर शोधलं होतं.

सासूबाईंच्या हाताखाली

कमलाबाईंचा जन्म 1913 चा, सांगलीजवळच्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंतच झाली. लग्नानंतर त्या सांगलीला आल्या आणि खरं शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली, चुलीपाशी सुरू झालं. पुढे त्यांनी ते सारं कागदावर उतरवलं. 1970 मध्ये ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1972 ला.

वाटी-चमच्याचं गणित

तोवर घरोघरी स्वयंपाक अंदाजाने चाले. मीठ चवीपुरतं, पाणी बेताचं. शेजारी जाणती सासू किंवा आई असेल, तर हा अंदाज कळतो. पण नोकरीसाठी गाव सोडलेल्या जोडप्याच्या दोन खोल्यांत तो कुणाला विचारायचा?

कमलाबाईंनी मापं घरातलीच घेतली: वाटी आणि चमचा. यातली खुबी साधी आहे. तांदूळ ज्या वाटीने घेतले, त्याच वाटीने पाणी घेतलं, तर वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. वजनकाटा लागत नाही.

मग अंदाज संपला का?

नाही. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. तेवढं तारतम्य ठेवावंच लागतं. पण नवख्या हाताला पहिल्या दिवशी धरायला काहीतरी लागतं. ते ‘रुचिरा’ने दिलं.

लाख सुनांची सासू

पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. एक लाख सुनांची सासू, अशी कमलाबाईंची ओळख झाली. लग्न झालेल्या मुलीच्या सामानात ‘रुचिरा’ जाऊ लागलं, परदेशी निघालेल्यांच्या बॅगेतही. 1999 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज महत्त्व का?

घरच्या बायकांचं ज्ञान बहुतेकदा त्यांच्याबरोबरच जातं. आजीच्या हातची चव पुन्हा आली नाही, ही खंत घरोघरी असते. चौथी शिकलेल्या एका गृहिणीने ते ज्ञान नोंदवण्याजोगं मानलं, म्हणून ते उरलं. टीव्हीवरचा सूत्रधार कुठला चांगला, हा वाद चालू राहील. त्याला कसोटी मात्र कमलाबाईंचीच लावावी: कार्यक्रम संपल्यावर पदार्थ आपल्या चुलीवर जमला का?