पावो नुर्मी व त्याचें घड्याळ

शाळेच्या वार्षिक खेळांच्या दिवशीं लांब पल्ल्याची शर्यत पाहात असतां एक गोष्ट आमच्या नेहमीं नजरेस येते. पिस्तुलाचा बार होतांच कांहीं मुलें वाऱ्यासारखीं सुटतात, पहिल्या फेरीस टाळ्या मिळवितात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीस पोटाला हात लावून कडेस बसतात. शेवटची फेरी पुरी करणारा मुलगा बहुधा असा असतो कीं, ज्याच्याकडे आरंभीं कोणाचेंच लक्ष गेलेलें नसतें. तेवढ्या वेळांत त्या मुलाला स्वतःविषयीं जें कळतें, तें कोणत्याही पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. हें ज्ञान ज्यानें वर्षानुवर्षें धांवून मिळविलें, त्या फिनलंड देशांतील पावो नुर्मी याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

पावोचा जन्म ता. १३ जून १८९७ रोजीं तुर्कू या बंदराच्या गांवीं एका सुताराच्या घरीं झाला. फिनलंड हा उत्तरेकडील सरोवरांचा, अरण्यांचा व दीर्घ हिवाळ्याचा देश. त्या काळीं तो रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. तो स्वतंत्र झाला १९१७ सालीं. इ. स. १९१० मध्यें पावोचे वडील वारले आणि घरावर दारिद्र्याची छाया पडली. कुटुंबानें आपलें स्वयंपाकघर दुसऱ्या एका बिऱ्हाडास भाड्यानें दिलें व सर्वजण एका खोलींत राहूं लागले. पावो अभ्यासांत हुशार होता; तरीही त्याला शाळा सोडावी लागली. पावाच्या एका भट्टीवर तो पोऱ्या म्हणून राहिला. मालानें भरलेल्या जड हातगाड्या तुर्कूच्या उभ्या चढणींवरून ढकलीत नेणें, हें त्याचें नित्याचें काम. त्या वेळीं त्या मुलास हें काम शिक्षेसारखेंच वाटलें असेल. परंतु आपल्या पायांस व पाठीस बळ दिलें तें त्या गाड्यांनींच, असें तो पुढें मानीत असे.

१९१२ सालीं स्टॉकहोम येथें ऑलिंपिक खेळ भरले. त्यांत हान्नेस कोलेहमाइनेन या फिनिश धांवपटूनें तीन सुवर्णपदकें मिळविलीं. देश परतंत्र असल्यामुळें त्याच्या विजयानंतर खांबावर चढलें तें रशियाचें निशाण. तथापि फिनलंड नांवाचा एक देश आहे, हें त्या दिवसांत जगास कळून चुकलें. पंधरा वर्षांच्या पावोच्या मनावर या बातमीचा खोल ठसा उमटला. थोड्याच दिवसांत त्यानें धांवण्याचे बूट विकत घेतले. हे त्याच्या आयुष्यांतील पहिलेच असे बूट होत. उन्हाळ्यांत तो रानवाटांनीं धांवे, हिवाळ्यांत पायांस लांकडी पट्ट्या बांधून बर्फावरून कोसच्या कोस सरकत जाई. कित्येक वर्षें त्यानें मांस, चहा, कॉफी व मद्य यांस स्पर्शही केला नाहीं. १९१४ सालीं तो गांवच्या क्रीडामंडळांत दाखल झाला.

१९१९ सालीं तो सैन्यांत भरती झाला. तेथील एक हकीकत प्रसिद्ध आहे. खांद्यावर बंदूक, कमरेस काडतुसांचा पट्टा व पाठीवर वाळूनें भरलेली पिशवी, असा भार घेऊन वीस किलोमीटर कूच करण्याची एक चढाओढ होती. ज्यांस धांवण्याची इच्छा असेल त्यांनीं धांवावें, अशी मुभा होती. नुर्मी सारें अंतर धांवला, आणि इतक्या लवकर मुक्कामावर पोंचला कीं, यानें मधली वाट तर धरली नसेल ना, असा संशय कांहीं अधिकाऱ्यांस आला! भट्टीवरील गाड्यांचें ऋण असें फिटलें.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९२० सालीं, बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक खेळ झाले. येथें आम्हांस आपल्या देशाचेंही स्मरण होतें. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानचा पहिला संघ याच मेळ्यास गेला होता, आणि त्यांतील बेळगांवकडील श्री. फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धांवून एकोणिसावे आले. ती शर्यत नुर्मीचा आदर्श जो कोलेहमाइनेन त्यानेंच जिंकली.

या खेळांत नुर्मीची पहिली मोठी शर्यत ५००० मीटरची होती, आणि तींत तो हरला. फ्रान्सच्या झोझेफ गिल्मो यानें त्याला मागें टाकलें. तीनच दिवसांनीं १०,००० मीटरच्या शर्यतींत त्यानें गिल्मोस जिंकलें, रानवाटेच्या शर्यतींत स्वतःचें व संघाचें अशीं आणखी दोन सुवर्णपदकें मिळविलीं, आणि तो वीर म्हणून घरीं परतला. तीन सुवर्णपदकें पदरीं असतां एका पराभवाची आठवण कोण ठेवतो? पण नुर्मीनें ती ठेवली. आपण कां हरलों, याचें कारण त्यानें स्वतःच्या धांवण्यांत शोधलें. आपण आपलें बळ सारख्या मापानें खर्च करीत नाहीं. कोणी पुढें गेला कीं त्याच्यामागें लागतों, आणि शेवटीं जें हातीं राहावयास पाहिजे तें मध्येंच उधळून बसतों, असें त्याला दिसून आलें. यावर त्यानें जो उपाय केला त्यामुळें धांवण्याची विद्याच पालटली. कळ दाबतांच थांबणारें एक घड्याळ त्यानें मुठींत घेतलें आणि तें पाहात पाहात तो धांवूं लागला. प्रत्येक फेरी ठराविक वेळांत. न अधिक, न उणी. बाजूचा स्पर्धक पुढें जावो कीं मागें राहो, नुर्मीची नजर आपल्या तळहातावर.

लोकांस ही गोष्ट विलक्षण वाटली. कांहींनीं त्याला यंत्र म्हटलें, कांहींनीं गर्विष्ठ ठरविलें. आमचें मत निराळें आहे. शेजाऱ्याकडे पाहून धांवणारास केवळ शेजाऱ्याची शक्ति समजते. घड्याळाकडे पाहून धांवणारास स्वतःची समजते. आज आपण कालच्यापेक्षां किती पुढें आहों, कोठें आपला धीर सुटतो, कोणत्या फेरीस मन सबबी सांगूं लागतें, हें सारें त्या लहानशा घड्याळानें नुर्मीस शिकविलें. तें घड्याळ म्हणजे त्याचा आरसा होय. आरंभींच्या वर्षांत आपला अभ्यास फार एकांगी होता, वेग वाढविण्याकडे आपण दुर्लक्ष केलें, असेंही त्यानें पुढें मोकळ्या मनानें कबूल केलें. आपली चूक आपणच शोधणें हा ज्याचा नित्याचा परिपाठ, त्यास अशी कबुली देणें जड जात नाहीं.

अँटवर्पच्या विजयाचीं दोन फळें आम्हांस पदकांहून मोलाचीं वाटतात. तुर्कूमधील त्याच्या आईच्या घरीं विजेचे दिवे व पाण्याचे नळ आले. आणि ज्याची शाळा लहानपणीं सुटली होती त्या नुर्मीस हेलसिंकी येथील औद्योगिक शाळेंत शिकण्याकरितां शिष्यवृत्ति मिळाली. तेवीस वर्षांचा हा जगज्जेता पुन्हां विद्यार्थी झाला.

१९२४ सालचे ऑलिंपिक खेळ पॅरिस येथें झाले. १५०० व ५००० मीटर या दोन्ही अंतिम शर्यती ता. १० जुलै या एकाच दिवशीं ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यामध्यें दोन तासांहूनही कमी अवकाश होता. नुर्मीनें कुरकुर करीत न बसतां आधींच आपली परीक्षा घेतली होती. ता. १९ जून रोजीं हेलसिंकी येथें त्यानें एका तासाच्या आंत दोन्ही अंतरें धांवून दोहोंचेही जागतिक उच्चांक मोडले होते. त्यामुळें पॅरिसला इतरांस जें अशक्य वाटत होतें, तें त्याला परिचयाचें होतें. पहिली शर्यत त्यानें ३ मिनिटें ५३.६ सेकंदांत जिंकली, थोडी विश्रांति घेतली, आणि दुसरी १४ मिनिटें ३१.२ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या शर्यतींत त्याचाच देशबंधु विल्हो रितोला केवळ ०.२ सेकंदानें मागें राहिला. दोन दिवसांनीं रानवाटेची शर्यत भर उन्हाच्या कहारांत झाली. ३८ जण निघाले; शेवटास पोंचले अवघे १५. कित्येक मूर्च्छित पडले. नुर्मी मात्र नेहमींच्याच पावलांनीं सर्वांच्या आधीं आला. त्या दिवशींचे हाल पाहून ती शर्यत पुढील ऑलिंपिक खेळांतून वगळण्यांत आली. चार दिवसांत त्यानें एकूण पांच सुवर्णपदकें मिळविलीं.

येवढें होऊनही त्याच्या मनास एक गोष्ट लागून राहिली. १०,००० मीटरच्या शर्यतींत त्याच्याच देशाच्या अधिकाऱ्यांनीं त्याचें नांव घातलें नव्हतें. ती रितोलानें नव्या उच्चांकानें जिंकली होती. नुर्मीनें वादविवाद केला नाहीं. मायदेशीं परतून ऑगस्टच्या अखेरीस त्यानें तेंच अंतर ३० मिनिटें ६.२ सेकंदांत तोडलें. हा उच्चांक पुढें जवळजवळ तेरा वर्षें कोणास मोडतां आला नाहीं.

१९२८ सालीं ॲमस्टरडॅम येथें त्यानें १०,००० मीटरची शर्यत जिंकली व दोन शर्यतींत रौप्यपदकें मिळविलीं. परंतु आम्हांस तेथील एक लहानसा प्रसंग अधिक सांगावासा वाटतो. अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरींत नुर्मी पाण्याच्या खड्ड्यांत पडला. मागून येणारा ल्यूसियँ द्यूकेन हा फ्रेंच धांवपटू आपली शर्यत सोडून थांबला व त्यानें त्याला हात देऊन उठविलें. नुर्मी उठला, पण एकटा पुढें निघून गेला नाहीं. त्यानें द्यूकेनला आपल्याबरोबर घेतलें, दोघांनीं मिळून इतरांस गांठलें व मागें टाकलें, आणि शेवटीं त्यानें पहिला मान द्यूकेनला देऊं केला. त्या भल्या गृहस्थानें तो नम्रपणें नाकारला. एरवीं अबोल व रुक्ष समजला जाणारा हा पुरुष उपकार विसरणारा नव्हता. घड्याळानें जें मोजतां येत नाहीं असेंही कांहीं शर्यतींत असतें, हें त्यानें त्या दिवशीं दाखविलें.

मग कसोटीचा प्रसंग आला. १९३२ सालच्या लॉस एंजेलिस येथील खेळांत मॅरेथॉन धांवून, कोलेहमाइनेनप्रमाणें, आपल्या कारकीर्दीचा शेवट करावा अशी त्याची उत्कंठा होती. त्यानें तशी तयारी केली, निवडीची शर्यत जिंकली, समुद्र ओलांडून तो तेथवर गेला. परंतु प्रवासखर्चाच्या नांवाखालीं त्यानें वाजवीपेक्षां अधिक पैसे घेतले, म्हणून तो हौशी खेळाडू राहिला नाहीं, असा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय मंडळानें त्याला ऐन वेळीं बंदी केली. हा निर्णय न्याय्य होता कीं नव्हता, याविषयीं त्याच्या देशांत फार कडवटपणा माजला. दारापाशीं येऊन दार बंद व्हावें, यासारखें दुःख नाहीं. तरी नुर्मीनें धांवणें टाकलें नाहीं. स्वदेशांतील शर्यतींत तो १९३४ सालापर्यंत धांवत राहिला आणि मग शांतपणें थांबला. तोंवर त्याच्या नांवावर नऊ सुवर्णपदकें, तीन रौप्यपदकें व बावीस जागतिक उच्चांक जमा झाले होते.

चरित्र लिहितांना दोष झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नुर्मीच्या एकाग्रतेची किंमत त्याच्या घरानें दिली. १९३२ सालीं त्यानें विवाह केला. पण त्याचें सारें लक्ष धांवण्याकडे, आणि तान्ह्या मुलालाही धांवपटू करावें हा ध्यास. पत्नीस हें सहन झालें नाहीं व १९३५ सालीं तो विवाह मोडला. पालकांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. स्वतःचें घड्याळ दुसऱ्याच्या मुठींत, मग तें आपलें मूल कां असेना, बळेंच देऊं नये. ज्याची त्याची चाल ज्यानें त्यानेंच शोधावयाची असते.

पुढें नुर्मीनें हेलसिंकी येथें दुकान घातलें, घरें बांधण्याचा धंदा केला, व तो संपन्न झाला. ता. १९ जुलै १९५२ रोजीं त्याच शहरांत ऑलिंपिक खेळांस आरंभ झाला. ज्योत घेऊन कोण येणार हें गुप्त ठेवलें होतें. पाऊस पडत होता. दारांतून एक टक्कल पडलेला, पंचावन्न वर्षांचा पुरुष धांवत आला, आणि त्याची ती ओळखीची चाल दिसतांच सारें क्रीडांगण गर्जून उठलें. रांगेंत उभे असलेले परदेशी खेळाडूही रांग मोडून त्याला पाहावयास धांवले. त्यानें मैदानावरील कुंड पेटविलें. आणि मनोऱ्यावरील ज्योत लावली ती वृद्ध कोलेहमाइनेननें. ज्याच्यामुळें पंधरा वर्षांच्या पोरानें पहिले बूट घेतले, त्याच्याच हातीं चाळीस वर्षांनीं ती ज्योत पोंचली. याच खेळांत कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे श्री. खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, हें आमच्या वाचकांस अभिमानानें आठवेल.

उतारवयांत ज्या हृदयानें त्याला जग जिंकून दिलें तेंच दुबळें झालें, व शरीरही साथ देईनासें झालें. तेव्हां १९६८ सालीं त्यानें आपल्या संपत्तींतून हृदयरोगाच्या संशोधनाकरितां एक निधि स्थापन केला. कीर्तीला मात्र तो कवडीमोल समजत असे. ता. २ ऑक्टोबर १९७३ रोजीं त्यानें देह ठेवला. राष्ट्रानें त्याला सरकारी इतमामानें निरोप दिला आणि त्याचें दफन तुर्कूमध्यें, ज्या चढणींवर त्यानें गाड्या ढकलल्या त्याच गांवीं झालें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोडे ऑलिंपिक खेळांस जातील. परंतु परीक्षेचा अभ्यास, घरची अडचण, आजारपण, पराभव, ह्या सर्व लांब पल्ल्याच्याच शर्यती आहेत, आणि त्या सर्वांना धांवावयाच्या आहेत. पहिल्या फेरीच्या टाळ्यांनीं हुरळून जाऊं नये. मागें पडलों म्हणून कडेस बसूं नये. आपली चाल ओळखावी व ती रोज थोडी सुधारावी. आणि वाटेंत कोणी पडलेला दिसला, तर द्यूकेनप्रमाणें क्षणभर थांबून त्याला हात द्यावा. तेवढ्यानें शर्यत हातची गेली, तरी माणूस हातचा जात नाहीं.